१०९ गाड्या भरून कचरा

४०० ग्रॅम. लातूरच्या आडत बाजारात एवढ्या मालासाठी कुणी काट्याकडे बघणारही नाही. पोतं उचलताना सांडलेली तूर याहून जास्त भरते. कांद्याची सालं, चहाचा चोथा, दुधाची रिकामी पिशवी, शेंगांची टरफलं, रात्रीचा उरलेला भात, कधीमधी तुटका खराटा. शहरातला माणूस दिवसाला साधारण एवढंच टाकून देतो. मध्यम आकाराच्या भारतीय शहरांसाठी माणशी ३०० ते ५०० ग्रॅम असा ढोबळ हिशेब धरतात. आपण मधला आकडा घेऊ आणि गुणाकाराला बसू.

२०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या होती ३,८२,९४०. नांदेड-वाघाळ्याची ५,५०,४३९. तेव्हापासून दोन्ही शहरं फुगली आहेत, पण ती वाढ आपण सूट म्हणून सोडून देऊ. आकडे तसेही कमी पडणार नाहीत.

लातूर, रोज १५३ टन. नांदेड, रोज २२० टन. बेरीज ३७३ टन. बाजाराच्या भाषेत ३,७३० क्विंटल, म्हणजे ५० किलोची ७,४६० पोती. एका दिवसात! आणि या बाजाराला अमावस्येची सुट्टी नाही, की हमालांचा संप नाही. वेळा अमावस्येला निम्मं लातूर शेतात जेवायला जातं, तेव्हाही आवक तेवढीच.

पण वजनाने कचऱ्याची खरी ओळख होत नाही. तो जागा खातो. सुटा, न दाबलेला कचरा घनमीटरला जेमतेम अर्धा टन भरतो. म्हणजे आपले ३७३ टन पसरतात सुमारे ७४६ घनमीटरमध्ये. आता आपल्याकडची एक विहीर घ्या. २० फूट व्यास, ५० फूट खोल, आठेक परस. चांगली बांधीव, बापजाद्यांच्या घामाची. तिच्या तळापासून काठापर्यंत मावतात साधारण ४४५ घनमीटर. भरा तिच्यात कचरा. पहिल्या दिवशी दुपारनंतर कधीतरी ती काठोकाठ भरेल आणि दुसरी शोधावी लागेल. तीन दिवसांत पाच विहिरी गेल्या. वर्षाला ६११. एवढ्या विहिरी पाडायला एखाद्या तालुक्याच्या किती पिढ्या खपतात, हे ज्यांच्या घरात विहीर पाडली गेली आहे त्यांना विचारा.

विहिरी नकोत? मग एक एकर घ्या. चार बाजूंनी सरळ भिंती उभारा आणि वर्षभराचा दोन्ही शहरांचा कचरा, २ लाख ७२ हजार घनमीटर, आत ओतत जा. वर्षअखेर उंची होईल ६७ मीटर. कुतुबमिनार ७३ मीटरचा आहे. म्हणजे तेरावा महिना सरता सरता आपण कुतुबमिनाराच्या कळसावरून खाली बघत असू. तेही एका एकरात, ज्यात सोयाबीनची एखादी बॅग पेरली जाते.

घंटागाडीने मोजायचं? मोजू. एका गाडीत एक टन, आणि पुढच्या-मागच्या मोकळ्या जागेसह एका गाडीला पाच मीटर रस्ता. वर्षाला १ लाख ३६ हजार फेऱ्या. या सगळ्या फेऱ्यांच्या गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर रांग होते ६८० किलोमीटरची. मुंबईहून निघा, पुण्याला पोहोचा, परत या, पुन्हा जा, पुन्हा या. ६०० किलोमीटर संपले. रांग संपली नाही. पाचव्यांदा निघा, खंडाळ्याचा घाट चढून लोणावळा हाताच्या अंतरावर येईल तेव्हा कुठे शेवटच्या घंटागाडीचा लाल दिवा दिसेल.

हे सगळं ठीक आहे, पण लातूरकराला ज्या मापाने पोटात खड्डा पडतो ते माप वेगळं आहे. ते माप म्हणजे जलदूत, पाण्याची रेल्वेगाडी.

२०१६ चा उन्हाळा. मांजरा धरण कोरडं. १२ एप्रिलला मिरजेहून पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातूरच्या स्टेशनात शिरली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे गाडी ५० वाघिणींची झाली, २५ लाख लिटरची. तीनशेहून जास्त किलोमीटर अंतर तोडून ती येत राहिली, थेट पावसाळ्यापर्यंत. एकूण १११ फेऱ्या. एकूण सुमारे २६ कोटी लिटर पाणी. सगळ्या देशाने ते टीव्हीवर पाहिलं. शहराला रेल्वेने पाणी पाजायची वेळ आली म्हणून जगभर चर्चा झाली.

आता आपला कचरा लिटरमध्ये करू. एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. नांदेड आणि लातूरचा वर्षाचा कचरा २७ कोटी २० लाख लिटर. त्याला भागा २५ लाखांनी. उत्तर येतं १०९.

एकशे नऊ गाड्या! ५० वाघिणींच्या, पूर्ण भरलेल्या. ज्या गाड्यांनी लातूरला जगवलं, जवळजवळ तेवढ्याच गाड्या भरून आपण दोन शहरांतून दरवर्षी कचरा बाहेर काढतो. पाण्याच्या गाड्यांना लोकांनी हात जोडले. कचऱ्याची गाडी मात्र कुणाला दिसत नाही, कारण ती एकदम येत नाही. ती ४००-४०० ग्रॅमनी सुटते, नांदेडची तुप्प्याच्या, लातूरची वरवंटीच्या कचरा डेपोकडे.

पूर्वी हे असं नव्हतं, असं म्हणायचा मोह होतो. थोडं खरं, थोडं खोटं. चला मागे जाऊ, दोन हजार वर्षं.

लातूरपासून फार लांब नाही, धाराशिव जिल्ह्यात तेर आहे. सातवाहनांच्या काळचं तगर. पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचं नाव आहे: पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवरचं गाव, जिथून गाड्या भरून कापड भडोचच्या बंदराकडे जायचं. तेरच्या टेकाडांतून मणी, मातीच्या मूर्ती, नाणी, खापरं एवढी निघाली की रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून तिथे वस्तुसंग्रहालय उभं राहिलं. जरा विचार करा, यातलं बरंचसं तेव्हाच्या गृहिणीने नाक मुरडून घराबाहेर टाकलेलं होतं. फुटकं गाडगं, तुटलेली बांगडी, मणी ओघळलेली माळ. आज ते काचेच्या कपाटात आहे.

तेरला जी खापरं मिळाली त्यांत रोमन रांजणांचेही तुकडे आहेत. आणि रोमचं नाव निघालं की गुणाकाराला पुन्हा जोर चढतो. रोममध्ये तिबर नदीकाठी मोन्ते तेस्ताच्चो नावाची एक टेकडी आहे. उंची ३५ मीटर, घेर सुमारे एक किलोमीटर. झाडं आहेत, गवत आहे. आणि आत एक दगड नाही. आख्खी टेकडी फुटक्या रांजणांची! ऑलिव्हचं तेल घेऊन आलेले दोन कानांचे रांजण रिकामे झाले की ते पुन्हा वापरता येत नसत, तेल मुरून खवट वास मारायचा. मग फोडायचे, रचायचे, वास मारू नये म्हणून वर चुना टाकायचा. अंदाज आहे ५ कोटी ३० लाख रांजणांचा. एकात सुमारे ७० लिटर तेल मावे. म्हणजे ३७१ कोटी लिटर. आपल्या किराणा दुकानातला १५ किलोचा तेलाचा डबा घेतला तर असे साडेबावीस कोटी डबे. एका शहराने खाल्लेलं तेल!

आता गंमत बघा. रिकामा रांजण ३० किलोचा. म्हणजे टेकडीचं वजन सुमारे १६ लाख टन. रोमला ती रचायला अडीचशेच्या आसपास वर्षं लागली. आणि आपण? १६ लाखांना भागा आपल्या १ लाख ३६ हजारांनी. बारा वर्षांच्या आत. जगज्जेत्या साम्राज्याच्या राजधानीने अडीच शतकं खपून जे केलं, ते नांदेड-लातूरची जोडी एक तप पुरं व्हायच्या आत उरकते. (रोमची ही फक्त तेलाची भांडी होती, बाकीचा कचरा वेगळा, हे मान्य. पण कधी नाही ते रोमला हरवतोय, तर हरवू द्या.)

आपल्या खेड्यांनी मात्र डोंगर रचले नाहीत. किंवा रचले, पण खाऊनही टाकले. मराठवाड्यात जुन्या गावठाणाच्या मातीला पांढरी म्हणतात. शेकडो वर्षांची राख, शेण, भिंतींची माती, हाडं, खापरं मिसळून झालेली. पडक्या गढीची, उठून गेलेल्या गावाची ही पांढरी लोक गाडी गाडी भरून शेतात नेऊन टाकत, कारण तिच्यात खताचा कस असतो. आजोबांच्या आजोबांचा कचरा नातवाच्या ज्वारीला. आणि दारचा चालू कचरा? त्याला उकिरडा होता. गोठ्यातलं शेण, चुलीची राख, वैरणीचा पाचोळा, घरातलं खरकटं, सगळं तिथे. उन्हाळ्यात, मृग लागायच्या आधी, उकिरडा उपसायचा आणि रानात नेऊन पांगवायचा. उकिरडा रिकामा, रान भरलेलं. पुढच्या वर्षी पुन्हा.

हे छोटं प्रकरण वाटतं? मग देशाचा हिशेब करू. २०१९ च्या पशुगणनेत भारतात गाई-बैल आणि म्हशी मिळून ३० कोटींहून जास्त भरले. जनावरामागे दिवसाला १० किलो शेण धरा, हात आखडूनच धरलं आहे. ३० लाख टन. दिवसाला! उघड्या मालवाघिणींची ५८ डब्यांची लांबलचक गाडी घेतली, तर एका गाडीत सव्वातीन हजार टन शेण बसेल. रोज ९०० हून जास्त गाड्या. त्या एकामागे एक जोडल्या तर लांबी ६०० किलोमीटरच्या वर. तपोवन एक्स्प्रेसने जाणाऱ्यांनी डोळ्यांपुढे आणावं: शेवटचा डबा हुजूर साहिब नांदेडच्या फलाटाला आणि इंजिन मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला. मध्ये परभणी, जालना, संभाजीनगर, मनमाड, नाशिक, कसारा घाट, सगळीकडे शेणच शेण. आणि उद्या सकाळी पुन्हा तेवढीच नवी गाडी.

भारतातल्या सगळ्या शहरांचा कचरा रोज सुमारे १ लाख ६० हजार टन, असं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे २०२०-२१ चे आकडे सांगतात. म्हणजे शेण त्याच्या १९ पट. एकोणीस पट! मग शेणाचे डोंगर कुठे आहेत? शेणाला आग लागली आणि शहर धुरात गेलं, अशी बातमी कधी वाचली? शेणाला गिऱ्हाईक आहे. शेतकरी आहे, गोवरी आहे, सारवण आहे. डोंगर त्याचाच होतो ज्याला कुणी विचारत नाही.

गिऱ्हाईक तुटलं की शेणही डोक्यावर बसतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी न्यूयॉर्कमध्ये लाखाहून जास्त घोडे गाड्या ओढत होते. माळेगावच्या यात्रेत खंडोबाच्या पायाशी घोड्यांचा बाजार पाहिलेल्यांनी तो बाजार कित्येक पट करावा आणि वर्षभर उठूच देऊ नये. घोड्यामागे १० किलो धरले तरी रोज १,००० टन लीद. शेत दूर, गल्ल्या अरुंद, पावसात चिखल, उन्हात धूळ. त्या शहराला यातून मोटारीने सोडवलं. मोटारीचा धूर तेव्हा स्वच्छ वाटला असणार!

एक गुणाकार मात्र हसत करता येत नाही. आपल्या गावांत टोपलीचे संडास होते आणि मैला माणसाच्या डोक्यावरून जात होता. ३० हजार वस्तीचं गाव धरा, माणशी पाव किलो धरा. साडेसात टन. २० किलोची एक पाटी, तर रोज ३७५ पाट्या. वर्षाला १ लाख ३६ हजार ८७५. प्रत्येक पाटीखाली एक डोकं, आणि ते डोकं कोणत्या जातीचं असणार हे जन्माआधी ठरलेलं. ही प्रथा बंद करणारा कायदा झाला १९९३ ला, आणि तो पुरेना म्हणून दुसरा २०१३ ला. एवढ्या पाट्या आपण सहज मोजल्या. वाहणाऱ्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

शहर वाढलं की कचरा रेल्वेत बसतो. ही काही आपली कल्पना नाही. मुंबईने ते खरंच केलं आहे. १८९६ ला मुंबईत प्लेग आला आणि घाणीची धास्ती बसली. शहरातला कचरा लांब न्यायचा ठरला आणि १८९९ पासून महालक्ष्मीहून चेंबूरकडच्या दलदलीत कचऱ्याची खास रेल्वेगाडी धावू लागली. कचरा गाडी म्हणूनच ती ओळखली जायची. त्याच बाजूला देवनार. १९२७ पासून तिथे कचरा पडतो आहे, १३२ हेक्टरवर, म्हणजे सव्वातीनशे एकरांवर. २०१६ च्या जानेवारीत तिथली आग एवढी भडकली की धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला. वर्ष लक्षात आलं ना? तेच. मुंबई कचऱ्याच्या धुरात आणि तीन महिन्यांनी लातूर पाण्याच्या गाडीची वाट बघत.

दिल्लीचं गाझीपूर त्याहून वरचढ. १९८४ ला सुरू झालं, २०१९ ला उंची ६५ मीटर. आपल्या एका एकरातल्या वर्षभराच्या मनोऱ्याएवढं, फक्त पसारा कित्येक एकरांचा. तिथे विमानांसाठी लाल दिवे लावावे लागतील, असं खुद्द सर्वोच्च न्यायालयात म्हटलं गेलं.

आता सगळा देश एकदम गाडीत घालू. १ लाख ६० हजार टन, त्याच ५८ डब्यांच्या उघड्या वाघिणी. शेण जड होतं. हा माल हलका आणि फुगलेला, म्हणून एका गाडीत सोळाशे टनांहून थोडाच जास्त मावतो. दिवसाला शंभरच्या आसपास गाड्या. इंजिनासकट एक गाडी ६६० मीटर. दिवसाला ६५ किलोमीटर लांब कचरा. आज मुंबईहून सोडला तर डोकं कर्जतच्या रोखाने, उद्या घाट ओलांडून पुढे, आणि परवा पुणे स्टेशन. मुंबई ते पुणे १९२ किलोमीटरचा लोहमार्ग, तीन दिवसांत संपूर्ण झाकला! डेक्कन क्वीन कुठून नेणार? चौथ्या दिवशी दुसरा मार्ग झाका, सातव्या दिवशी तिसरा.

आणि जग? जागतिक बँकेच्या हिशेबाने २०१६ ला जगभरातल्या वस्त्यांतून निघालेला घनकचरा २०१ कोटी टन. भागा सोळाशेनी आणि थोड्या वरच्या टनांनी. १२ लाखांवर मालगाड्या. गुणा ६६० मीटरनी. ८ लाख किलोमीटरच्या वर.

चंद्र किती लांब आहे? ३ लाख ८४ हजार किलोमीटर.

एका वर्षाच्या कचऱ्याची गाडी पृथ्वीवरून निघते, चंद्राला पोहोचते, वळसा घालते, परत येते, आणि तरी डबे उरतात. उरलेले ४० हजार किलोमीटरहून जास्त. पृथ्वीच्या विषुववृत्ताभोवती एक पूर्ण फेरा मारा, तरीही काही डबे रुळांवर उभेच. हे एका वर्षाचं. २०५० ला हाच कचरा वर्षाला ३४० कोटी टन होईल, असा त्याच बँकेचा अंदाज आहे. तेव्हा चंद्राला जाऊन, परत येऊन, पुन्हा चंद्राला पोहोचून गाडी थांबेल, तरी बरं.

चंद्राचं चंद्राकडे राहू द्या. आपल्या १०९ गाड्यांकडे या, कारण त्या आपल्या हातातल्या आहेत. आपल्या शहरांच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास ओला असतो: भाजीचा देठ, साल, खरकटं. निम्मा म्हणजे ६८ हजार टन. त्याचं खत केलं आणि पाचवा हिस्सा हाती आला तरी वर्षाला १३,६०० टन. ५० किलोच्या २ लाख ७२ हजार पिशव्या. एकरी दोन टन टाकलं तर ६,८०० एकर रान. आणि सुक्या कचऱ्यातला, एकूण मालाच्या फक्त दहाव्या हिश्श्याएवढा, भंगाराच्या गाड्यावर चढला, किलोला १० रुपये धरले, तर १३ कोटी ६० लाख रुपये. गल्लीतून भोंगा वाजवत जाणारा भंगारवाला हे गणित कधीपासून करतो आहे.

यासाठी रोमचा सम्राट लागत नाही, रेल्वे मंत्रालयही लागत नाही. उकिरड्याला जे जमत होतं तेवढंच करायचं आहे: ज्याला गिऱ्हाईक आहे तो माल, ज्याला नाही त्यात मिसळू द्यायचा नाही. भातात मिसळलेली प्लास्टिकची पिशवी भाताचंही गिऱ्हाईक घालवते आणि पिशवीचंही. घंटागाडीवरचं गाणं ओला वेगळा, सुका वेगळा म्हणून घसा कोरडा करतं, ते एवढ्याचसाठी.

तेव्हा आज रात्री एक करा. घरातली कचऱ्याची बादली वजनकाट्यावर ठेवा. किलो-दीड किलो भरेल. मग ओला एकीकडे, सुका दुसरीकडे काढून पुन्हा ठेवा, आणि ओल्याच्या आकड्याला आपल्या गल्लीतल्या घरांनी गुणा, मग वॉर्डाने, मग दोन्ही शहरांनी, मग वर्षाच्या दिवसांनी. उत्तर ५० गाड्यांच्या पुढे गेलं की उद्या सकाळी घंटागाडीपाशी दोन बादल्या घेऊन उभे राहा.